कोतवालाच्या तोंडी साऱ्यांचे नवरे

काल मतदान होतं. सकाळी असं धुकं, की शाळेपुढची चिंचही दिसेना. धान कापून शेतात, बांधीत पसरलेलं, त्याच्या कडपा दवानं ओल्या. असल्या दिवशी ऊन निघेपर्यंत कोणाला काही काम नसतं. म्हणून रांग सकाळीच लागली, आणि रांग लागली की गोष्टी निघतात.

गोष्टींचं तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगासारखं असतं. मुद्दाम कोणी रचत नाही. दर हंगामाला थोडं थोडं टाकत जायचं, एक दिवस पाहावं तर ढीग घरापेक्षा उंच!

मी अर्जुनी मोरगावकडच्या एका गावचा जुना कोतवाल. शाळा पाहिली ती बाहेरूनच. पण त्याच शाळेतल्या बूथवर झालेल्या निवडणुका मी दारात उभा राहून पाहिल्या. पेटीच्या पाहिल्या, मशीनच्याही पाहिल्या. नोकरी संपली, तरी दारातली जागा माझीच राहिली.

* * *

कोतवालाचं काम म्हणजे पेटी उचलणं, साहेबांना पाणी देणं. पण माझं मोठं काम वेगळंच होतं. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आणि यादीत भागरता नावाच्या चार-चार बाया! मग साहेब विचारणार, "पतीचं नाव?" बाई पदर दातात धरणार आणि माझ्याकडं बोट करणार. नाव मी सांगायचं.

एकदा नवे साहेब आले, पुण्याकडचे. पहिली बाई आली, बोट माझ्याकडं. दुसरी आली, बोट माझ्याकडं. सातव्या बाईला साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"कोतवाल, या सगळ्या तुमच्याच?"

बाया काय हसल्या! रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "नाही जी! एक पोसता पोसता याचा जीव जाऊन राहिला!"

* * *

आमच्या गावाचे दोन टोले, म्हणजे दोन वस्त्या. एक तलावाच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. कधीकाळी तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, यावरून भांडण झालं. तेव्हापासून वरचा टोला ज्या चिन्हाला, खालचा त्याच्या उलट. भांडणारे मेले, चिन्हं बदलली, रीत राहिली.

एका निवडणुकीत वरच्या टोल्याचा उमेदवार खालच्या टोल्याच्या पक्षात गेला. आठवडाभर दोन्ही टोले गोंधळात. शेवटी त्यांनी पक्षांची अदलाबदल करून घेतली, पण एका बाजूला काही झाले नाहीत!

मतं दोन्हीकडची जवळजवळ सारखी. आमचा न्हावी म्हणतो, "आपलं गाव मत देते, पन निवडून कोनालेच देत नाही!"

उमेदवारांनाही हे कळलं. आता प्रचाराची गाडी डांबरी रस्त्यावरच थांबते. भोंगा गावाकडं करते, थोडा वेळ बोलते आणि पुढं निघून जाते.

* * *

माझ्या शेजारी पारबता राहते. एकटीच. मुलगा हैदराबादला कामाला. एका वर्षी त्याला दिवाळीची सुट्टी मिळाली नाही, मतदानाची मिळाली.

आमचा जंगलाचा भाग, म्हणून मतदान तीनलाच संपतं. पोरगा अडीचला धापा टाकत आला. बोटाला शाई लावून घेतली, घरी जाऊन दोन घास खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. पारबता त्याला पोचवून तशीच शाळेत आली. साहेब मशीन सीलबंद करत होते.

"सायेब, हे मतदान दर महिन्याले काऊन नाही घेत जी?"

साहेबांना वाटलं, बुढीला लोकशाहीची फार आवड!

* * *

माझ्या घरातलीही भागरताच. माझं नाव सोमाजी, त्यामुळं आमच्या घरी सोमवार कधी आलाच नाही. ती म्हणायची, "महादेवाच्या दिवशी बाजार हाय." नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं माझ्या मायनं तिला सांगून ठेवलेलं.

माय गेली, बाप गेला. गाव मला 'कोतवाल' म्हणायचं. गावभरच्या नवऱ्यांची नावं माझ्या तोंडी, आणि माझं नाव कोणाच्याच तोंडी नाही. एकदा तिच्या तोंडून ऐकावं, एवढीच हौस होती.

एका निवडणुकीत ती पुढं आली. साहेबांनी विचारलं, "पतीचं नाव?" तिनं माझ्याकडं बोट केलं. मी छताकडं पाहत उभा!

साहेब थांबले. रांग थांबली. तिनं एकवार माझ्याकडं पाहिलं, वळली, आणि मत न देताच घरी निघून गेली.

संध्याकाळी मी म्हटलं, "चुकलं माझं. तुझं मत गेलं."

ती भात वाढत होती. म्हणाली, "मत गेलं तं जाऊ द्या. तुमी राहा."

पुन्हा कधी मी तशी मस्करी केली नाही. हौस मात्र राहिली.

* * *

मागच्या निवडणुकीला मी गोंदियाच्या दवाखान्यात होतो, छातीचं दुखणं. दुसऱ्या दिवशी भागरता भेटायला आली. बोटाला शाई.

"मत देलं?"

"देलं."

"नाव कोनं सांगतलं?"

तिनं माझी चादर सारखी केली. "तुमी निजा."

मी बरा होऊन घरी आलो. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

काल काठी टेकत मी आत गेलो. यादीत तिचं नाव तसंच. म्हटलं, "हे खोडा जी. ते आता नाही."

टेबलावरची मॅडम तरुण होती. हळू आवाजात म्हणाली, "टिपून ठेवते, आजोबा. पण इथं भागरता चार आहेत. पतीचं नाव?"

मी सवयीनं दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग मीच सांगितलं, "सोमाजी."

बाहेर आलो तेव्हा धुकं निवळलं होतं. पारबता शाळेच्या पायरीवर बसली होती. तिच्याजवळ टेकलो आणि विचारलं, "मागच्या वेळी आमच्या घरच्यांसाठी नाव कोनं सांगतलं?"

ती बोटावरची शाई पाहत राहिली.

"कोनीच नाही, भाऊजी. तुमाले सांगू नोको म्हने, म्हनून बोल्ली नाही. तिनं बोट केलं, तं दारात तुमी नाही. सायेब म्हने, 'पती वारले का?' तशी केवढ्यानं बोल्ली, 'सोमाजी! हायेत!' सायेबानं लिवून घेतलं, तरी बोलूनच राहिली जी. सोमाजी, सोमाजी... मी हात धरून बाहेर आनली, तवा उगी झाली."