बोअरच्या पाण्याचे डाग

वॉशिंग सेंटरवर किस्से जमवावे लागत नाहीत. गाडी धुऊन होईपर्यंत माणसाला दुसरं काम नसतं, म्हणून तो बोलतो. पाणी वाळून जातं, बोललेलं तेवढं मागे राहतं. मी आठवीत शाळा सोडली आणि आदिलाबादजवळ इचोड्याला हायवेवर नामदेव उस्तादांच्या सेंटरवर कामाला लागलो. मला स्वतःला फारसं बोलता येत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलं असावं.

एक गोष्ट आधी सांगावी लागेल. आमच्या बोअरचं पाणी दिसायला अगदी नितळ, पण गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके सोडायचं. म्हणून गाडी बोअरच्या पाण्याने धुवायची आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा मारायचा, हा उस्तादांचा नियम. ते गोडं पाणी लक्ष्मणदादा कोसभर लांबच्या विहिरीवरून बैलगाडीने आणायचे. रोज एकच ड्रम. तो गाड्यांचा. उस्ताद, काकू आणि त्यांची मुलगी सुमन मागच्या खोल्यांत राहायचे. त्यांचा स्वयंपाक, पिणं सगळं बोअरवर. आम्हीही तेच प्यायचो.

*

शंकर माझ्या बरोबरीचा, पण घाईचा. नवीन होता तेव्हा त्याने कापसाच्या जिनिंगवाल्या शेठची काळी अँबॅसिडर भर उन्हात बोअरच्या पाण्याने धुतली आणि तशीच सोडून चहाला गेला. परत आला तर बॉनेटवर पीठ चाळल्यासारखं झालेलं.

असे डाग काढायचे तर गाडी आधी सावलीत थंड होऊ द्यायची. सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि गोडं पाणी अर्धं अर्धं घ्यायचं, मऊ फडकं त्यात भिजवून डागावर ठेवायचं. डाग सुटला की अलगद पुसायचं, गोड्या पाण्याने धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं. काचेलाही तसंच, फक्त शेवटी वर्तमानपत्राचा बोळा फिरवायचा. घासायचं कशालाच नाही.

शंकरने घरी पितळेची भांडी घासतात तशी चुलीतली राख आणली आणि बसला घासत!

शेठचा ड्रायव्हर निर्मल गावाकडचा, तेलुगू. त्याने एक बोट फिरवून बघितलं. "मरकलु पोलेदु," म्हणाला, म्हणजे डाग गेले नाहीत. मागून शेठ आले. बराच वेळ वाकून बघत राहिले.

"दाग तो वहीं है," शेठ म्हणाले, "रंग चला गया."

*

बाबूराव इचोडा ते आदिलाबाद जीप चालवायचा. त्याच्या पुढच्या काचेवर वर्षभराचे डाग चढलेले. वायपर फिरतो तेवढा पट्टा मोकळा, बाकी काच दुधाळ. उस्ताद दर खेपेला म्हणायचे, बाबूराव, पाच मिनिटं थांब, पुसून देतो. तो म्हणायचा की सीटा, म्हणजे पॅसेंजर, बसल्या आहेत, आणि पुढचं दिसतंय तेवढं पुरे.

एका संध्याकाळी सूर्य समोरून काचेवर आला, डाग चमकले आणि त्याला रस्ताच दिसेना. समोर लक्ष्मणदादांची पाण्याची गाडी होती. दादा उडी मारून वाचले. डावा बैल जागेवर गेला.

दुसऱ्या दिवशी बाबूराव सेंटरवर आला. जीप लावली, खाली उतरला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "आता पुसून दे बाप्पा."

उस्तादांनी स्वतः पुसली ती काच. त्यानंतर दादा दुसऱ्याकडून मागून आणलेला बैल जोडून एक दिवसाआड यायला लागले. गोडं पाणी अर्ध्यावर आलं आणि उस्तादांनी ड्रमला कुलूप घातलं.

*

त्याच सुमारास सुमनला स्थळं यायला लागली. पहिले पाहुणे सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून आले. सगळं ठीक चाललं होतं. मुलाच्या आत्याने काहीतरी गंमत केली आणि सुमन हसली. पोहे तसेच ठेवून पाहुणे उठले. मध्यस्थाने नंतर कळवलं, पोरगी लाखात एक आहे, पण दात बघवत नाहीत.

सुमनच्या दातांवर पिवळे, तपकिरी पट्टे होते. कडुनिंबाची काडी, राख, मीठ, काहीच चालत नव्हतं. काकू तिला आदिलाबादला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, हे तुमच्या पाण्याने झालंय. लहानपणी बसलेला डाग आहे, आता जायचा नाही. पण पाणी बदला, नाहीतर उद्या हाडं धरतील. काकूंचे गुडघे तेव्हाच धरलेले होते. डॉक्टरांकडून परत येताना त्यांना बसमधून दोघांनी उतरवलं.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बदलाव कुठून?"

ड्रम समोरच होता. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

*

उन्हाळ्यात एकदा कुलूप उघडं होतं. शेठचीच गाडी नुकतीच धुतली होती, शेवटचा हात बाकी होता. सुमन आली, ड्रममधून लोटा भरला आणि उभ्यानेच तोंडाला लावला.

उस्तादांनी तिच्या हातातून लोटा घेतला. रागावले नाहीत. उरलेलं पाणी नीट, धार धरून बॉनेटवर ओतलं आणि फडकं माझ्या हातात दिलं.

"पूस लवकर," मला म्हणाले, "डाग पडून राह्यले."

मी पुसत होतो. सुमन किती वेळ मागे उभी होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी वर बघितलंच नाही.

*

दुसरं स्थळ मोडलं तेव्हा उस्ताद रात्रभर जागे होते, असं काकूंनी सांगितलं. सकाळी त्यांनी सेंटर उघडलं नाही. सुमनला ओट्यावर बसवलं, सिरका घेतला, काच पुसायची पांढरी पावडर घेतली आणि बोटाला फडकं गुंडाळलं. काकू म्हणत होत्या, अहो, ती गाडी नाही. शंकरने माझ्याकडे बघितलं.

"डाग म्हणजे डागच असते," उस्ताद म्हणाले. "हात धरून काढला तर निघते."

सुमन डोळे मिटून बसली होती. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा ते थांबले. पुढे कितीतरी दिवस तिला गरम चालेना, गार चालेना. दात आंबलेले, ती फक्त कोमट पेज प्यायची. पट्टे होते तिथेच होते, फक्त भोवतीची चमक गेली.

उस्ताद तिच्याकडे बघत शंकरला म्हणाले, "गाडी थंड नव्हती वाट्टे."

*

तिसरे पाहुणे बेल्याकडचे. मुलगा शाळेत शिपाई, सोबत त्याचा मामा आणि दोन बाया. काकूंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, हे शेवटचं बरं का, यानंतर मध्यस्थ यायचा नाही. सुमनला ताकीद होती की पदर तोंडावर ठेवायचा, मान हलवायची आणि उत्तरं आईने द्यायची.

मी आणि शंकर दाराशीच त्यांची जीप धूत होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

त्या दिवशी उस्तादांनी स्वतः ड्रमचं कुलूप काढलं आणि चार पेले भरून दिले. सुमन ट्रे घेऊन आत गेली. विचारपूस झाली. नाव विचारलं, काकूंनी सांगितलं. शिवण येतं का विचारलं, काकूंनी सांगितलं. मामा खूश दिसले. त्यांनी पेला रिकामा केला, आणखी एक मागितला, तोही संपवला.

"पाणी मोठं गोड आहे जी तुमचं," मामा म्हणाले. "आमच्या तिकडलं तर घशाखाली उतरत नाही. पोरीनं इथं सुखच पाह्यलं म्हणाव."

"हो जी," उस्ताद म्हणाले, "पाण्याचं सुख आहे आमच्याकडं."

मग ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला. मी वर बघितलं. सुमनने तोंडावरचा पदर काढला होता आणि ती सरळ मामांकडे बघत होती.

"हे गाड्याईचं पाणी आहे, मामा," ती म्हणाली, आणि तोंड भरून हसली. "आमी बोअरचं पितो."