केवळाबाईची पांढरी फुलं

केवळाबाईचा स्वतःच्या चपलांवरही विश्वास नाही. विहारात जाताना ती त्या पिशवीत घालून आत नेते. तिच्या शेजारी राहून मी एवढं शिकले, की तिच्या अंगणाकडं उगीच बघायचं नाही.

यंदा वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, मात्र बाई खुशीत होती. उदगीरच्या वाटेवरच्या तिच्या ज्वारीत, बुडाशी, इवली पांढरी फुलं आली होती. रोज संध्याकाळी बुद्धवंदनेला ती मूठभर फुलं नेई. खुरपणाऱ्या बायांना तिनं ताकीदच दिली, या फुलांना हात लावायचा नाही.

बांधापलीकडं धाकटी जाऊ पंचशीला हिचं सोयाबीन. ती एकदा म्हणाली, "अक्का, ह्यो टारफुला हाय. उपटून टाका, लई वाईट."

केवळाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिच्या मनात आलं, माझी फुलं बुद्धांपुढं जातात, ते हिला बघवत नाही!

पुढं पाऊस चांगला असूनही ज्वारी पिवळी पडली, माना टाकू लागली. सोयाबीन हिरवंगार. वर्षाची भाकर याच रानातून यायची. जावेनंच तणनाशक मारलं, असं तिनं ठरवून टाकलं आणि बांधावर पाळत ठेवली. पंचशीला प्यायला पाणी घेऊन आली तरी हिची नजर घागरीत. मला आधी हसू यायचं, नंतर संताप. भाद्रपद पौर्णिमेला विहारात पंचशीला खीर वाढत होती, तेव्हा ही सगळ्यांसमोर ओरडली, "हिनं माझं रान जाळलं!"

पंचशीलानं पळी खाली ठेवली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पुरावा दाखवायला केवळाबाईनं शेजारच्या रानातल्या मन्मथला बोलावलं, मलाही ओढत नेलं. तिनं ज्वारीचं ताट मुळासकट उपसलं. सोबत पांढऱ्या फुलाचं रोपही वर आलं, ज्वारीच्या मुळालाच चिकटलेलं. दुसरं उपसलं, तेच.

"टारफुला ज्वारीच्या मुळातला रस पितो," मन्मथ म्हणाला. "सोयाबीनला धरत न्हाई त्यो."

केवळाबाईनं तिसरं ताट उपसलं. तेच.

संध्याकाळी ती जावेच्या दारात गेली. "पंचे, चुकलं गं माझं. तू खरं सांगत होतीस." ती रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

पंचशीलानं तिला आत या म्हटलं नाही. "उद्या येते उपटू लागायला," ती म्हणाली. "पर येकटी न्हाई येणार. मन्मथदादाला संगं आणते. उद्या तिथं काई जळलं, तर माझ्या बाजूनं सांगणारं कुणी पायजे."