चाखून तरी बघ

लेक आठवीत होती तेव्हा मी ओव्हन घेतला. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मालाची तपासणी बघतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधत असतो. रविवारी आपणही काहीतरी चुकतमाकत करून पाहावं, एवढंच मनात होतं. बायको म्हणाली, "अहो, महिन्याभरात आपण त्यात पापडाचे डबे ठेवायला लागू." तसं झालं नाही. मला नाद लागला. चिकपेटच्या गल्ल्यांतून मी केकचे टिन आणि साचे शोधून आणू लागलो. दर रविवारी नवा पदार्थ. फिल्टर कॉफीचं कस्टर्ड पहिल्यांदा फाटलं. श्रीखंडाचा चीजकेक मधोमध खचला. नाचणीची ब्राउनी इतकी कडक झाली की लेक म्हणाली, "बाबा, ही तुझ्या कारखान्यात तपासायला ने."

चव बघायचं काम तिचं होतं. ती डोळे मिटून पहिला घास घ्यायची आणि मी समोर उभा राहून तिचा चेहरा वाचायचो. साखर जास्त झाली, वेलदोडा पुढे पुढे करतोय, अंड्याचा वास येतोय, असं ती नेमकं सांगायची. त्या दोन वर्षांत मी जे काही शिकलो ते तिच्या जिभेवर शिकलो.

दहावीत तिचं खाणं कमी झालं. आधी रात्रीची पोळी गेली, मग भात. "शाळेत खाल्लं", "पोट भरलंय", "नंतर खाते." चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला. पुण्याहून आलेली माझी बहीण म्हणाली, "छान बारीक झालीस गं! आता कपडे शोभतील." खरं सांगायचं तर मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं.

पुढे मात्र मनगटाची हाडं दिसू लागली आणि भीती वाटली. तेव्हा मला जो उपाय सुचला तो माझ्या घरात सगळ्यांना सुचला असता. आम्ही सांगलीकडचे. माझे वडील लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरायचे. पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले, की ते त्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी खाली सरकवायचे आणि सगळी पंगत हसायची. नको म्हणणाऱ्याला वाढलं नाही तर आपलं प्रेम कमी पडलं, असं मी लहानपणापासून बघत आलो. लेक जेवत नाही, म्हणजे तिला आवडेल असं आपण अजून केलेलं नाही, हे माझं गणित. मी रविवारच्या जोडीला बुधवार धरला, मग रोजच काहीतरी. आंब्याचा इटालियन पन्ना कोटा, गुलकंदाचा रोल, बासुंदीचं पुडिंग. आणि दरवेळी वाटी पुढे करून तेच वाक्य, "चाखून तरी बघ."

ती वाद घालायची नाही. "खोलीत घेऊन जाते, अभ्यास करता करता खाईन." तासाभराने वाटी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली असे. कधी नव्हे ती ही शिस्त. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बायको म्हणायची, "अहो, ती खात असेल तर अशी का दिसते?" मी म्हणायचो, "वय आहे, उंची वाढतेय. वाटी रिकामी येतेय ना?"

तळमजल्यावर एक अक्का राहतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचं, मराठीच, पण त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. एका दुपारी त्या लिफ्टपाशी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"एक सांगते, बेजार करून घेऊ नको हां," त्या म्हणाल्या. "ते गोड पाठवायचं स्वल्प कमी कर रे. शुगर चढली माझी. डॉक्टर ओरडतो मला."

"मी कुठे काय पाठवलं, अक्का?"

"अय्यो! तुझी पोरच आणून देते की. बाबांनी पाठवलंय म्हणते. एवढ्या प्रेमाने केलेलं, परत कसं पाठवू? टाकू तरी कसं? खाल्लं." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, "ते परवाचं आंब्याचं मात्र फार चांगलं होतं हां."

मी हसलो. माफी मागितली, पिशवी त्यांच्या दारापर्यंत नेऊन दिली. जिन्याने वर जाताना आधी मला राग आला तो फसवलं गेल्याचा. आपली मुलगी इतके महिने उपाशी आहे, हा विचार नंतर आला. हा क्रम मी स्वतःशी पुष्कळदा तपासून पाहिला आहे. तो तसाच होता.

लेक जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होती. मी फ्रिजमधून पुडिंग काढलं, मोठा चमचा भरून वाटीत वाढलं, आणखी एक चमचा वाढला, आणि वही बाजूला सारून वाटी तिच्यासमोर ठेवली.

"माझ्यासमोर खा."

"बाबा, नको."

"अक्कांना चालतं, तुला का नको?"

मी खुर्ची ओढून समोर बसलो. "संपल्याशिवाय उठायचं नाही." तिने माझ्याकडे बघत बघत खायला सुरुवात केली. भराभर, न चावता. चमचा वाटीवर आपटत होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं तरी ती थांबत नव्हती. शेवटचा घास गिळून तिने वाटी उलटी करून मला दाखवली. "झालं?"

ती न्हाणीघरात गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजाखाली दुसरा. बायको आतल्या खोलीतून येऊन दारापाशी उभी राहिली.

"काय केलंत तुम्ही हे?"

मी म्हणालो, "खाल्लं ना तिने."

हे वाक्य मी बोललो आहे. माझ्या आवाजात समाधान होतं, हेही लिहून ठेवतो.

त्याच आठवड्यात ती शाळेत चक्कर येऊन पडली. नाडी फार मंद होती, म्हणून हॉस्पिटलात ठेवून घेतलं. पाळीही कधीची थांबली होती. बायकोला शंका होती, तिने मला सांगितलंही होतं, आणि मी परीक्षेचा ताण म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हृदयावर परिणाम होऊ शकतो, असंही सांगितलं. लेक भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि सलाइनच्या पट्टीखाली तिचा हात माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांतल्या हातासारखा दिसत होता.

घरी सोडल्यानंतर आम्ही तिघं इंदिरानगरला एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागलो. बाई तरुण, हिंदीत बोलणाऱ्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी लेकीला विचारलं, हे पहिल्यांदा कधी वाटलं, आठवतं का? ती नखं खरवडू लागली. मग मराठीतच म्हणाली, "दिवाळीला बाबाचे मित्र आले होते तेव्हा."

इथल्या मराठी मंडळातले लोक फराळाला आले होते. मी ट्रे घेऊन बाहेर आलो, तिला खांद्याला धरून पुढे ओढलं आणि म्हणालो, "ही माझी टेस्टर. माझी प्रत्येक रेसिपी हिच्या अंगी लागते, बघा!" सगळे हसले.

"मी पण हसले," लेक म्हणाली.

मला तो प्रसंग आठवेना. ट्रेमध्ये काय होतं ते आठवलं. करंजीच्या सारणाचे टार्ट होते, कडा किंचित जास्त भाजल्या होत्या. माझं वाक्य मात्र डोक्यात कुठेच नव्हतं.

बाईंनी नंतर मला एकट्याला सांगितलं, की एका वाक्याने हा आजार होत नाही, त्याला पुष्कळ कारणं असतात. मी मान हलवली. घरी जाताना रिक्षात लेकीची माफी मागितली. शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे बोललो. बोलता बोलता मलाच रडू आलं, आणि तिला माझ्या पाठीवर हात ठेवावा लागला. "सरी, ठीक आहे बाबा, आता पुरे," ती म्हणाली. माफीसुद्धा मी तिच्या गळ्याखाली उतरवत होतो, हे मला इमारतीच्या फाटकापाशी रिक्षातून उतरताना कळलं.

ओव्हन आता बंद आहे. नवीन पदार्थ नकोत, ओळखीचं साधं जेवण ठेवा, असं बाईंनी सांगितलं आहे. किती वाढायचं ते ठरलेलं असतं, ते बायको वाढते, आणि लेकीचं संपेपर्यंत आम्ही दोघं तिच्याबरोबर बसतो. जेवणाबद्दल बोलायचं नाही, शरीराबद्दल बोलायचं नाही. शाबासकीसुद्धा द्यायची नाही. माझ्याकडे बोलायला दुसरं फारसं काही नसतं. मी मेट्रोच्या गर्दीबद्दल बोलतो, पाण्याच्या टँकरबद्दल बोलतो. लेक कधी उत्तर देते, कधी नाही. एखादा आठवडा बरा जातो. पुढच्या आठवड्यात लेक वजनाच्या काट्यावरून उतरताना बायकोचा चेहरा बघूनच समजतं.

काल रात्री वरणभात आणि दोडक्याची भाजी होती. तिने चार घास खाल्ले आणि चमचा भातात तसाच फिरवत राहिली. मी एका शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयी काहीतरी सांगत होतो. ते संपलं, आणि मला पुढचं सुचेना.

"बाबा, असं बघू नकोस ना."

"नाही बघत."

मी मान खाली घालून माझ्या ताटातलं जेवू लागलो. भात गार झाला होता. समोरून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग चमच्याचा आला, मग पुन्हा काही नाही. बायको हळू आवाजात तिला शाळेतलं काहीतरी विचारत होती. शेवटी खुर्ची सरकली आणि लेक उठली. तिच्या ताटात किती उरलं होतं ते बायकोने पाहिलं. मी विचारलं नाही.