फक्कीच्या रेघेवरचा रेवणसिद्ध

आमचा रेवणसिद्ध लग्नांचे फोटो काढतो. अक्षता पडताना नवरा-नवरी दोघांचेही डोळे उघडे हवे असतील तर लोक त्यालाच बोलावतात. पण त्याचा जीव अडकलाय मोटारसायकलींच्या शर्यतीत. होटगी रस्त्याकडच्या माळावर पोरं पांढरी फक्की टाकून वळणं आखतात, बघ्यांसाठी दोरी बांधतात आणि जावा, येझदी, राजदूत, मिळेल ती गाडी धुरळ्यात घालतात. त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन आमचे चिरंजीव. घरी येतो तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, आणि आल्या आल्या विचारतो, "जेवायला काय हाय?"

त्याचा मित्र गुरप्पा गॅरेज चालवतो आणि या शर्यतींत पळतो. रेवणने काढलेले त्याचे फोटो आमच्या घरी ढिगाने आहेत. एकात मागचं चाक, एकात नुसता धूर, एकात बूट.

"काकू, ह्यानं माझं तोंड बघितलंय का कधी?" गुरप्पा विचारायचा.

"तू थांबत न्हाईस, मी काय करू?" रेवण म्हणायचा.

गेल्या वर्षी एक गाडी घसरत रेवणच्या अगदी पायाशी आली. शेजारी उभ्या असलेल्याचा घोटा मोडला. मी माळावर जायची बंदीच केली. मग रेवणने पुण्याच्या एका वृत्तपत्र-छायाचित्रकाराची जुनी जपानी झूम लेन्स मिळवली. लांब, काळी. बाहेरची नळी पुढेमागे सरकवली की लांबचं जवळ येतं, गोल फिरवली की स्पष्ट होतं. सगळं हातानेच. "अव्वा, आता दोरीच्या मागं राहूनच काढणार. शपथ." त्या दिवसापासून ती लेन्स मला सुनेसारखी वाटायला लागली. मुलाला आवरून धरणारी.

खंडेनवमीला आमच्या मोठ्या वन्संनी, अक्कम्मांनी, घरातली सगळी हत्यारं पूजली. विळी, शिवणयंत्र, अडकित्ता, आणि कॅमेरा. लेन्सची नळी ओढून आतल्या चकचकीत भागावर त्यांनी ओल्या विभूतीची तीन बोटं ओढली.

"आत्या, वरून लावायची की!" रेवण कळवळला.

"वर काळं हाय. कपाळ आत दिसलं, तितं लावली. देवाचं नाव घेतल्यावर काय बिघडतंय?"

त्याने फडक्याने पुसलं. जेवढं दिसत होतं तेवढं निघालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शर्यत होती आणि ती गुरप्पाची शेवटची. अक्कलकोटच्या होणाऱ्या सासऱ्याची अटच होती: लग्न ठरलं, आता हे बंद. "आज तोंड आलं पायजे, रेवण्या," त्याने बजावलं. "नायतर लेकरांना काय बूट दाखवू?" मीही गेले होते. शर्यत बघायला नव्हे, रेवण दोरीच्या मागे राहतो का ते बघायला.

पहिल्याच फेरीत नळी करकरली आणि अडकली. वाळलेली विभूती आत गेली होती. नळी फिरत होती, पण सरकत नव्हती. जोर केला तर आतून खरवडली जाणार. लेन्समधून गुरप्पा आता मुंगीएवढा दिसत होता. रेवणने माझ्याकडे पाहिलं, दोरी उचलली आणि वाकून पलीकडे गेला. थेट वळणाच्या फक्कीच्या रेघेवर.

मी चप्पल हातात घेऊन त्याच्यामागे.

"चल मागं! शपथ घेतली होतीस."

"अव्वा, ही त्याची शेवटची शर्यत. ह्यानंतर तो कुटं गावणार?"

"आणि तू कुठं गावशील?"

त्याने गाड्यांच्या वाटेतला एक दगड हेरला आणि नळी फिरवून तो लेन्समध्ये आधीच स्पष्ट करून ठेवला. गाडी तिथे आली की दाबायचं. स्टँड नाही, कोपरं छातीशी घट्ट, आणि गाडीबरोबर कंबरेतून वळत जायचं. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यात. म्हणजे बाजूने काय येतंय याचा पत्ताच नाही. भांडायला वेळ नव्हता. मी मागून त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"हालवू नको, अव्वा."

"तू बघ त्याच्याकडं. मी बाकीच्यांकडं बघते."

गुरप्पा आला. रेवण वळायला लागला, त्याच्यामागे मीही वळले, जात्याच्या खुंट्यासारखी. दगड जवळ आला आणि मला गुरप्पाच्या मागची राजदूत दिसली. वळण तिच्या हातचं सुटलं होतं, ती सरळ आमच्याकडे येत होती. मी अंगातली सगळी ताकद लावून पट्टा ओढला. खटका वाजला तो त्याच क्षणी. आम्ही दोघं धुरळ्यात बसलो आणि राजदूत फक्की उडवत आम्ही उभे होतो तिथून गेली.

"दाबलं का?" लोकांच्या आधी मीच विचारलं. माझं मलाच नवल वाटलं.

रेवणला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मोरीत लाल दिव्याखाली तो फोटोचा कागद औषधाच्या ताटात हलवत होता. आधी दगड उमटला, मग चाक, मग गुरप्पा. आख्खा. दात आवळलेले, मागचा माळ नुसत्या रेघा झालेला. फक्त सगळं जग एका बाजूला कललेलं होतं, मी ओढलं तेवढंच.

गुरप्पाने फोटो दिव्याखाली धरून पाहिला. मग म्हणाला, "सरळ असता तर एवढ्या जोरात वाटला नसता, काकू. पर सासऱ्याला दाखवू नका."

रेवणने मात्र कुरकुर केलीच. "अव्वा, पुढच्या वेळी ओढायच्या आधी सांग की जरा."

"सांगत बसले, तर ऐकायला तू राहशील का?" मी म्हटलं, आणि त्याच्या भुवयांवरची फक्की पदराने पुसली.