अकरा किलोचा पोपट

ऑफिसात त्यांना सगळे वन्सं म्हणतात. गेटवरचा रखवालदार म्हणतो, हिशेबातली मंडळी म्हणतात, खुद्द साहेबही म्हणतात. थोरल्या भावाची बायको त्यांच्याच कंपनीत लागली आणि पहिल्याच दिवशी भरल्या मीटिंगमध्ये, "वन्सं, तुमचा डबा माझ्याकडेच राहिलाय," असं सवयीने बोलून गेली. तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटलं. त्यांनी ते सोडवायचा प्रयत्न एकदा केला होता. मीटिंगमध्येच त्यांनी वहिनीकडे डोळे वटारले आणि लोकांना नाव आणखीच आवडलं.

कंपनी वजनकाटे बनवते. वन्संचं काम म्हणजे इतरांनी लिहिलेला कोड ओळ न् ओळ वाचायचा, त्यात खोट काढायची आणि ती निघाली की मगच तो पुढे सोडायचा. त्यांचा प्रत्येक शेरा "थांबा जरा" या दोन शब्दांनी सुरू होतो. आपला कोड पहिल्या झटक्यात पास झाला असं सांगणारा माणूस कंपनीत अजून जन्माला यायचा आहे.

वहिनी आधी माहितीपुस्तिका लिहायची. 'काटा सपाट जागी ठेवावा' ही तिची सर्वांत गाजलेली ओळ. तीच ती वाक्यं लिहून कंटाळली, तेव्हा संध्याकाळचे वर्ग लावून कोड लिहायला शिकली आणि साहेबांच्या मागे लागली. साहेबांनी तिला एक काम दिलं. जनावरांच्या डॉक्टरांसाठी नवा काटा निघत होता, त्याचा ड्रायव्हर लिहायचा. काट्याच्या पोटात एक चिप असते, ती वजनाचा आकडा करते. सेकंदाला किती मापं घ्यायची आणि त्यांतली थरथर किती गाळायची, हे त्या चिपला सांगणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. तो शुक्रवारी सहाच्या आत पास झाला तर वहिनी या विभागात राहणार, नाहीतर पुन्हा काटा सपाट जागी ठेवत बसणार.

"घरचाच मामला आहे, होणारच पास," असं कोणीतरी पाणी पिता पिता बोललं आणि ते वन्संच्या कानावर गेलं. मग काय, त्यांनी वहिनीचा कोड असा पिंजून काढला की बघणाऱ्यांना वहिनीची दया आली. ही ओळ कशाला? हे नाव असं का? इथे दोनदा का विचारलंय? वहिनीचं प्रत्येक शेऱ्याला एकच उत्तर. "बरं, वन्सं."

शुक्रवारी दुपारी वन्संनी कोड पुन्हा वाचला आणि त्यांना काही सुचेना. खोट म्हणून नव्हती. पितळी वजनं ठेवून पाहिली, सेटिंग बदलून पाहिलं, आकडा जेवून झोपल्यासारखा शांत. वन्संना एकदम हलकं हलकं वाटायला लागलं. चहा आणायला गेल्या त्या चहा न घेताच परत आल्या. साहेबांना म्हणाल्या, "चारला पास करते." साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि तब्येत विचारली.

तरी खात्री म्हणून चहाच्या सुट्टीत दोघी नमुन्याचा काटा घेऊन दादाच्या दवाखान्यात गेल्या. दादा म्हणजे वन्संचा भाऊ आणि वहिनीचा नवरा. जनावरांचा डॉक्टर. दवाखाना ऑफिसच्या मागच्याच गल्लीत.

पहिला आला तो एक लठ्ठ कुत्रा. काट्यावर उभा राहून सगळ्या अंगाने शेपूट हलवत होता. आकडा थोडा डुगडुगला आणि थांबला. बावीस किलो.

"कमाल आहे," दादा म्हणाला. "हा फोटोतसुद्धा कधी स्थिर आलेला नाही."

वन्संनी वहिनीला कोपर मारलं. वहिनीने वन्संना मारलं.

पुढे एक आजोबा होते, हातावर पोपट. दादाने कुत्रा उतरायच्या आधीच 'लहान प्राणी' हे बटण दाबून ठेवलं. कुत्र्याला ओढून उतरवलं, पोपट ऐटीत काट्यावर चढला आणि दादाने वजन घ्यायला सुरुवात केली.

अकरा किलो.

दादाने काट्याला टिचकी मारली. आजोबा मात्र खूश. "मी म्हणतच होतो," ते म्हणाले, "हल्ली खाल्लेलं लागतंय अंगाला."

"काका, अकरा किलोचा पोपट उडत नाही," दादा म्हणाला. "पडतो."

मांजरवाल्या बाई हसायला लागल्या, मग कुत्र्याचा मालक, मग सगळेच. दादाने कुत्रा परत चढवला, उतरवला, पोपट ठेवला. पुन्हा अकरा. वन्सं भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होत्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"दादा, अर्धा कुत्रा पोपटात गेलाय."

सगळं लख्ख दिसलं त्यांना. बटण दाबल्यावर सेटिंग बदलतं, चिप मापं घ्यायची थांबते, पण कुत्र्याची आधीची मापं साठ्यात तशीच पडून राहतात. पोपटाची मापं त्यांच्यातच मिसळतात. सरासरी इतक्या सावकाश उतरते की काट्याला वाटतं आकडा स्थिर झाला, आणि तो तिथेच धरून ठेवतो. पितळी वजनांनी हे कळलंच नसतं, कारण सेटिंग बदलताना दोघींनी काट्यावरचं वजन कधी बदललंच नव्हतं.

त्यांनी औषधांच्या कपाटापाशी लॅपटॉप उघडला. सेटिंग बदललं की साठा रिकामा करायचा, ही ओळ वहिनीने लिहिलेली होती. तिच्याखाली शेरा होता. 'थांबा जरा. हे कशाला? जुनी मापं आपोआप बाहेर पडतात. काढा.' शेरा वन्संचा. खाली उत्तर. 'बरं, वन्सं.'

"वहिनी, ही ओळ तू मुळात कशासाठी घातली होतीस?"

"कुत्रा पोपटात जाऊ नये म्हणून."

"मग काढलीस का?"

"तुम्ही काढ म्हणालात ना."

"माझं कधी इतकं ऐकलं नाहीस," दादा म्हणाला.

"तुम्ही नणंद नाही," वहिनी म्हणाली.

ऑफिसात परतल्यावर वन्संनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, 'थांबा जरा. चूक माझी. ही ओळ मीच काढायला लावली. परत घाला.' तेवढ्यावर राहवेना. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे पुढे जोडलं, 'शिवाय नवी पहिली सोळा मापंही टाकून द्या.'

पाच वाजून गेले होते. साहेब घड्याळाकडे बघत वन्संच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पलीकडच्या रांगेत वहिनी मान खाली घालून बसली होती. टाइप करायची, खोडायची, पुन्हा टाइप करायची. ऑफिसातले चार जण काही काम नसताना तिथे घुटमळत होते.

मग उत्तर आलं.

'नाही, वन्सं. तीनच. सेटिंग बदलल्यावर चिपच्या आतली गाळणी तीन मापांत स्वच्छ होते, चौथं बरोबर येतं. सोळांपर्यंत पोपट थांबत नाही.'

वन्संनी ते वाचलं, चिपच्या माहितीपत्रकात शोधलं. तीनच होतं.

"पाहिलंत?" त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या. "नाही म्हणाली मला." चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं, बक्षीस यांनाच लागलं.

"चढा आता काट्यावर," त्यांनी साहेबांना सांगितलं.

"मी?"

"ऑफिसात दुसरं कोण आहे त्या कुत्र्याच्या तोडीचं?"

साहेब चढले. आकडा मोठ्याने वाचू नका, अशी त्यांची एकच अट होती, ती कोणीच पाळली नाही. वहिनीने बटण दाबलं, साहेब उतरले, त्यांच्या जागी चहाचा कप ठेवला. सगळे काट्यावर वाकले. कपाचं वजन कपाएवढंच आलं. साहेबांचा एक ग्रॅमसुद्धा त्यात गेला नव्हता.

सहाला थोडा वेळ असताना वन्संनी कोड पास केला. शेऱ्याच्या चौकटीत पहिल्यांदाच 'थांबा जरा' नव्हतं. नुसतं 'चला' होतं.

घरी निघताना वन्सं म्हणाल्या, "हवा छान आहे, पायी जाऊ या."

"नाही, वन्सं," वहिनी म्हणाली. "बसने."

वन्सं थांब्यापर्यंत हसत गेल्या.