बिनकातडीचं मटण

धाकटे दीर गोव्यात एका हॉटेलात स्वयंपाक करतात. दिवाळीनंतर ते गावी, गुंदला, घरी आले ते बर्फाच्या डब्यात डुकराचं मटण घेऊनच. पाठीच्या कण्याखालच्या दोन मऊ पट्ट्या. ते त्याला टेंडरलॉइन म्हणत.

"वैनी, हाडूक न्हाई, कातडी न्हाई. लोण्यागत हाय."

मीठ, मिरी, लसूण चोळून त्यांनी एक पट्टी अंगणात निखाऱ्यांवरच्या जाळीवर ठेवली. चरबी ठिबकली की धूर उठे आणि वास रस्त्यापर्यंत जाई. सासूबाई सारख्या म्हणत होत्या, "आत चुलीवर भाज की रे." आमच्याकडे रानडुकराच्या मटणापायी माणसं तुरुंगात गेलेली आहेत.

जीप थांबलीच. फॉरेस्टचे दोघे गार्ड उतरले.

"कसलं मटण?"

"पाळीव डुकराचं, साहेब. गोव्यासनं आणलंय."

"कातडी कुठाय?"

कातडी असती तर पांढरी, बिनकेसाची, लगेच ओळखू आली असती. दिरांचा चिमटा हवेतच राहिला. पावती नव्हती. खाटकाला विचारावं तर फोनला रेंज नाही. माझे मालक शेतात गेलेले.

दुसरी, कच्ची पट्टी त्यातल्या एका गार्डनं आमच्याच डब्यात भरून घेतली. "तपासायला जाईल. तवर गाव सोडायचं न्हाई."

जीप गेली तेव्हा जाळीवरचं मटण एका बाजूनं काळं पडलं होतं. मी म्हटलं, परसात पुरून येते. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"पुरलंस तर चोरून शिकार केली असंच म्हणतील. ताटं घे."

आम्ही खाल्लं. खरंच मऊ होतं, पण सगळ्यांचे कान रस्त्याकडे होते.

पुढे कुठलीही गाडी वाजली की सासूबाई दिरांना गोठ्यात ढकलायच्या. ते म्हणायचे, "आई, लपलो तर जास्तच संशय यील." तरी जायचे. हॉटेलातली नोकरी राहते की जाते, त्याचाही घोर होताच. रात्री मला जाग आली की त्यांच्या खोलीतला दिवा जळत असे.

शेवटी तोच गार्ड सायकलीवरून आला. सासूबाई उंबऱ्यातच खाली बसल्या.

"पाळीवच निघालं. जावा कामाला."

मी पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन तो म्हणाला, "त्या दिवशी वास मात्र लई चांगला येत होता."

कोणी हसलं नाही. दीर सकाळच्या पहिल्या बसनं गेले.