मळईवर बोलावलेली माणसं

बहीण आणि मेहुणे अजून आहेत, म्हणून या लिखाणात कुणाचंच नाव घालत नाही. माझंही नाही. यातला काही भाग सावधपणाचा आहे आणि काही भित्रेपणाचा.

इंग्रज गेले त्या वर्षी मी सांगलीच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. दसऱ्यानंतर इंग्लंडच्या जुन्या इतिहासाचा धडा होता. रोमन फौजा ब्रिटन सोडून गेल्या. त्यांचे रस्ते राहिले, तट राहिले, पण कुणाचा हुकूम चालेना. मग केल्ट सरदारांनी डोंगराडोंगरांतून आपापली राज्यं थाटली आणि गुरांवरून, नदीच्या उतारांवरून एकमेकांची डोकी फोडू लागले. त्यातल्या एका राजाने शत्रूंना धाक बसावा म्हणून समुद्रापलीकडून भाडोत्री सॅक्सन लढवय्ये बोलावले. तीन गलबतांतून आले म्हणतात. त्यांना राहायला त्याने एक बेट दिलं. ते परत गेलेच नाहीत. हा भाग मी रंगवून सांगत असे, फळ्यावर खडूने बेट काढत असे.

माझं गाव कृष्णेच्या अलीकडे, सांगली संस्थानात. समोरचं गाव पलीकडे, सातारा जिल्ह्यात, म्हणजे खुद्द इंग्रजी अमलातलं. आक्का, माझी थोरली बहीण, तिथे दिलेली. पूर ओसरला की दोन्ही गावांच्या मधोमध गाळाची जमीन उघडी पडायची. तिला आम्ही मळई म्हणतो. खत न घालता तिथे वांगी आणि हरभरा असा यायचा की विचारू नका. मळई कुठल्या गावाची, हे दरवर्षी नव्याने ठरे. वरच्या डोहातून हळद लावलेला नारळ सोडायचा. तो मळईच्या ज्या अंगाने वाहत जाईल ती खरी नदी, आणि मळई दुसऱ्या अंगाच्या गावाची. दोन्ही अमलांचे अधिकारी काठावर उभे असत, त्यामुळे कुणी हूं की चूं करत नसे.

त्या वर्षी कुणीच आलं नाही. संस्थान राहणार की जाणार, हे संस्थानालाच ठाऊक नव्हतं. पलीकडच्या मामलेदाराची बदली झालेली. मग दोन्ही गावांनी वेगवेगळ्या दिवशी आपापला नारळ सोडला. आमचा पलीकडून गेला, त्यांचा अलीकडून. दोघांनीही गुलाल उधळला. पुढच्या आठवड्यात काठ्या निघाल्या. पलीकडून सर्वांत पुढे होते ते दाजी, आक्काचे मालक.

एका रविवारी चुलत्यांनी मला देवळात बोलावलं. ते फौजेतून हवालदार होऊन आलेले, गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं. पाटणकडच्या डोंगरात बंदुका बाळगणारी काही माणसं होती. बेचाळीसच्या चळवळीत चार दिवस राहून तिथून हाकललेली. त्यांचा म्होरक्या शाळेत असताना बोर्डिंगात माझ्या शेजारी झोपायचा.

"दोन ओळी लिव," चुलते म्हणाले. "तुजं अक्षर बगून येईल त्यो."

"आवं काका, पलीकडं आक्का हाय."

"म्हनून तर. बंदूक नुसती दाखवायची असती. कुनाला बोट लावायचं न्हाई. फौजेत काय गवत उपटलं का मी?"

मी बोरू दौतीत बुडवला, पण कागदावर टेकवला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरास्नी लढाया शिकवतोय मास्तर, आन् हितं बोरू थरथरतोय बगा!" सगळे खो खो हसले. त्या हसण्याने मी लिहिलं. 'आठ दिवसांसाठी ये. धाक बसला की पुरे.'

धडा आठवला नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. 'आठ दिवस' लिहिताना फळ्यावरचं बेट माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते फार जुन्या काळचे, अडाणी राजे, असं मी मनाशी म्हटलं आणि कागदाची घडी घातली.

सहाजण आले, भर दिवसा. चुलत्यांनी त्यांना मळईवरच उसाच्या पाचटाची खोपटं घालून दिली. म्होरक्याने माझ्या पाठीत थाप मारली. "गड्या, तुजं पत्र हितं ठिवलंय," म्हणत त्याने छातीवरचा खिसा दाखवला. त्या दिवसापासून मला बंदुकांपेक्षा त्या खिशाची धास्ती बसली.

पुढच्या रविवारी दुपारी दाजी बैल घेऊन मळईवर उतरले. मी आमच्या काठावर होतो. त्या सहांतल्या एकाने बैलांचे कासरे धरले. दाजी सोडेनात. 'ते माझे दाजी आहेत,' एवढं मी ओरडलो असतो तर म्होरक्याने थांबवलं असतं, याची मला खात्री होती आणि आहे. पण तो मला हाक मारून पत्राचं काहीतरी बोलला असता, आणि पलीकडचा काठ माणसांनी भरलेला होता. आक्काही त्यात असेल, असं वाटलं. मी ओरडलो नाही. बंदुकीचा दस्ता दाजींच्या गुडघ्यावर दोनदा बसला. पाण्यावरून आवाज जरा उशिरा आला.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. ती माणसं जाईनात. आधी पलीकडचा साठवणीतला हरभरा नेला, मग आमची जोंधळ्याची पेवं उघडली. चुलत्यांचा बोकड कापला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता ह्यास्नी घालवायला कुनाला बोलवू?" कुणी हसलं नाही.

मी गावी जाणं सोडलं. दाराची कडी वाजली की वाटे, कुणीतरी ते पत्र घेऊन आलं.

आली ती आक्का. पाय सुजतच गेला म्हणून दाजींना बैलगाडीत घालून सांगलीच्या दवाखान्यात आणलं होतं. पाय वाचला, पण गुडघा पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. ती माझ्याकडेच बघत होती.

"तुजं तोंड का उतरलंय रं? तू कशाला भितुयास? तुला कोन काय करनार हाय?"

मी तांब्यातलं पाणी तिच्यापुढे केलं.

"ती मानसं आपून हून आल्याली न्हाईत," ती हळू म्हणाली. "कुनीतरी बोलवल्यात. कुनी, ते हुडकून काढ. तू शिकल्याला हाईस. दुसरं कोन हाय माजं?"

"हुडकतो, आक्का," मी म्हणालो.

तिने सुस्कारा सोडला, पदराने डोळे पुसले आणि मी शोधणार आहे हे दाजींना सांगायला आत गेली.